राशीचं पहिलं पोतं

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ज्ञानेश,

गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. ही वेळ लक्षात ठेव. त्या वेळी माझ्या दारात लताबाई उभी होती आणि तिच्या हातातल्या पिशवीत पाच मेलेल्या कोंबड्या होत्या.

लताबाई तुला माहीत आहे. माझी धुणीभांडी करते. भाऊबीजेला तू मक्याचं पोतं घेऊन आलास, तेव्हा ते जिन्यातून तुझ्याबरोबर तिनंच वर चढवलं होतं. मी दार उघडलं तर म्हणाली, "बाई, तुमच्या माहेरचा मका लय भारी निघाला. खाल्ला की कोणी उठतच नाय."

तिला हसू येत नव्हतं. मलाही आलं नाही.

घडलं ते असं. दिवाळीची पाहुणेमंडळी गेल्यावर मी पोतं सोडलं. आतून ओल्या गादीसारखा वास आला. दाणा हातात घेतला तर टोकाशी हिरवट-पिवळी भुकटी, बोटाला चिकटणारी. लताबाईनं हुंगून सांगितलं, ह्याची भाकरी नको, मी कोंबड्यांना नेते. नेला. पहिल्या दिवशी कोंबड्यांनी तोंड फिरवलं. ती म्हणते, "मला वाटलं माजल्यात. दुसरं काय टाकलंच नाय. मग खाल्ला बिचाऱ्यांनी." आधी त्यांचे पंख लोंबले, मग त्या एका कोपऱ्यात बसून राहिल्या, आणि काल सकाळी खुराड्यात आडव्या झालेल्या सापडल्या.

आता मुद्द्यावर येते. आबा होते तोवर माहेरचं पोतं उघडलं की घरभर नव्या धान्याचा वास सुटायचा. तुझ्या काळात खळ्यावरची झाडलोट पोत्यात भरून येते. बहीण अडुसष्ट वर्षांची झाली, तिला काय कळतंय, असं वाटलं असेल. मला दात आहेत, ज्ञानेश, आणि सगळे माझेच आहेत.

मी फोन करणार नाही. फोनवर तू "हो आक्का, हो आक्का" करतोस आणि ठेवल्यावर विसरतोस. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवतोस. कागदावर लिही. लताबाईला काय सांगायचं तेही लिही.

आशीर्वाद शेवटी लिहायची पद्धत आहे. या वेळी हातात शिल्लक नाहीत.

उज्वला


विंचूर
१८ नोव्हेंबर

तीर्थरूप आक्कास, ज्ञानेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. मनीषानं गोदामात येऊन हातात दिलं. हमालांसमोर वाचलं आणि नंतर वाटलं, वाचायला नको होतं.

तू मला काहीही बोल, मी धाकटा आहे. पण 'झाडलोट' हा शब्द मागे घे. आपल्या घरात रास पडली की पहिलं पोतं बहिणीचं. आबांनी आत्याचं कधी चुकवलं नाही, मी तुझं कधी चुकवलं नाही. आडत सुरू केल्यापासून माझ्या गोदामात गावोगावचा मका येतो, तरी तुझं पोतं मी दुसऱ्याच्या हातानं भरू देत नाही. ह्या वर्षीही सूप घेऊन मी स्वतः राशीवर बसलो. वरचा, कोरडा, भरलेला दाणा तेवढा घेतला. काळा, फुटका एकेक वेचून काढला. मनीषा हसत होती, म्हणाली, सोनं निवडताय का. पोत्यावर गेरूनं 'आक्का' लिहून बाजूला ठेवलं. ह्या साली माझ्या सगळ्या मालात तुझ्या पोत्यापेक्षा चांगलं पोतं नव्हतं. आईची शपथ घेऊन लिहितो.

हे खरं की दसऱ्याच्या पावसात कणसं भिजली. ताडपत्री टाकायची राहून गेली. नंतर ढीग झाकला गेला तो ओलाच. पण मळणी झाल्यावर सगळ्या मालाला ऊन दाखवलंय. हिरवं दिसतं ते वरवरचं असतं, ऊन दाखवलं की उडून जातं. तूही गच्चीवर पसर, दोन दिवसांत दाणा पिवळाधमक होईल.

कोंबड्यांचं म्हणशील तर थंडी पडली की मर लागतेच. लताबाईला माझ्याकडून पाच तलंगा, नव्या तरण्या कोंबड्या, देईन, त्यात मोठं काही नाही. पण मक्यानं कोणी मेलं असं मी अजून ऐकलं नाही. तू पडलीस कॉन्व्हेंटची. तुला मका भेटला तो वाटीतल्या सुपात. आम्ही त्याच्या ढिगावर लोळून मोठे झालो.

राग सोड. थंडीचं जप.

तुझा
ज्ञानेश


इंदिरानगर
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

ज्ञानेश,

'झाडलोट' हा शब्द मी मागे घेते. तू खरं लिहिलं आहेस. आईची खोटी शपथ तू घेणार नाहीस, आणि सूप घेऊन राशीवर बसलेला तू मला डोळ्यांसमोर दिसतोस. अपमानाचा राग गेला.

तो राहिला असता तर बरं झालं असतं. त्याच्या जागी जे आलं आहे त्यानं मला जेवण जात नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी पोत्यातला मका तपासायला दिला होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठ मूठ घेतली. काल अहवाल आणायला गेले. ह्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. माणसाच्या खाण्यात जेवढं चालतं, त्याच्या चौदा पट ते आपल्या मक्यात निघालं. ते यकृतावर बसतं. एकदम खूप गेलं तर कावीळ होऊन माणूस जातो, थोडं थोडं जात राहिलं तर वर्षांनी गाठ उठते.

मी त्यांना तुझं ऊन सांगितलं. गच्चीवर पसरलं तर? त्या म्हणाल्या, "उन्हानं बुरशी मरते, भुकटी झडते. विष दाण्याच्या आत गेलेलं असतं. ते धुऊन जात नाही, भाजून जात नाही, भाकरीतही जसंच्या तसं राहतं. उलट ऊन दाखवलेला मका जास्त वाईट, कारण मग तो ओळखू येत नाही."

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "हे ढिगाच्या तळातलं दिसतंय. वरचा माल बरा असेल ना?"

मी म्हटलं, "नाही. हा वरचाच आहे. माझ्या भावानं हातानं निवडलेला."

त्या लिहिता लिहिता थांबल्या.

मी बसमध्ये बसले तरी तो थांबलेला हात माझ्यासमोरून जाईना. तू मला राशीतलं सगळ्यात चांगलं पोतं दिलंस. त्या चांगल्या पोत्यानं पाच कोंबड्या मारल्या. मग वाईट पोत्यांचं काय?

आता तुझ्या पत्राविषयी. आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना होत्या. काच फुटली की आम्ही मुली म्हणायचो, सिस्टर, काच फुटली. त्या म्हणायच्या, काच आपण होऊन फुटत नाही, वाक्याचा कर्ता सांगा. तुझ्या पत्रात लिहिलं आहे, ताडपत्री 'टाकायची राहून गेली'. कोणाची? ढीग ओलाच 'झाकला गेला'. कोणी झाकला? आपल्या भाषेत 'राहून गेलं' म्हटलं की सगळे निर्दोष सुटतात. मी सोडणार नाही.

एकच विचारते. बाकीची रास कुठे आहे?

मला राग नाही. भीती वाटते आहे. लवकर लिही.

उज्वला


विंचूर
२८ नोव्हेंबर

ती. आक्कास नमस्कार.

तुझ्या पोत्याचा अहवाल हा तुझ्या पोत्यापुरता. पोतं तुझ्याकडे तीन आठवडे होतं, नाशकात ते कुठे ठेवलं, ओल लागली का, मला काय माहीत.

बाकी माल पोल्ट्रीच्या खाद्याला गेला. मोठा कारखाना आहे, गाडीनं माल घेतात. माणसाच्या खाण्यात त्यातला दाणाही जाणार नाही. विषय संपला.

बाजारात अशा गोष्टींचा बोभाटा झाला तर आडत बसते. माझ्या शब्दावर दीडशे शेतकरी माल टाकतात. आबांचं नाव आहे ते. तुझ्या हातात एक कागद आला म्हणून तू ते नाव पाण्यात घालणार का, ह्याचा विचार कर. मनीषाला फोन करू नको, तिचं डोकं दुखतं.

माल दिला गेला आहे. ह्यापुढे ह्या विषयावर मी लिहिणार नाही.

ज्ञानेश


विंचूर
रविवार

आक्का,

मनीषाचा नमस्कार. हे पत्र पेरूच्या पिशवीत तळाला ठेवलंय. पिशवी घेऊन येणारी माझी मावसबहीण हाय, तिला काय विचारू नका, तिला काय माहीत नाय. माझा फोन ह्यांच्याकडं असतो आजकाल.

तुमचं पत्र मी वाचलं. ह्यांनी फाडलं, पण आधी मी वाचलं होतं.

आक्का, मला दसऱ्यापासून झोप नाय. ढीग झाकला तेव्हा मी म्हटलं होतं, दोन दिस थांबा. हे म्हणाले, माल येतोय, जागा नाय. आठ दिसांनी मी ताडपत्रीखाली हात घातला तर आत गरम लागलं. ताप आलेल्या पोराच्या अंगाला हात लावल्यागत. मी हात मागं घेतला. ताडपत्री काढली तर वाफ निघाली आणि हिरवा धुरळा उडाला. हमाल खोकत बाहेर पळाले. त्यातला केरू अजून खोकतोय.

मग ऊन दाखवलं. आठ दिस सगळं खळं पिवळं होतं. हिरवं उडालं. चाळणीतनं काढला तर मका असा दिसायला लागला की मीपण म्हटलं, झालं, बरा झाला.

पोल्ट्रीला गाडी गेली हे खरं हाय. ती परत आली हे ह्यांनी तुम्हाला लिहिलं नाय. त्यांनी तिथं नळी खुपसून मका काढला, काहीतरी तपासलं आणि गाडी दारातनंच फिरवली. हे त्या रात्री जेवले नाय. म्हणाले, बाजारात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाय राहणार.

मग त्यात दुसरा चांगला मका मिसळला आणि कण्या भरडल्या. पेठच्या बाजूला डोंगरात पोरांचं वसतिगृह हाय, तिथं सकाळच्या नाष्ट्याला ह्यांच्या कण्या लागल्यात. नमुन्याची चार पोती वीस तारखेला गेली. बाकीची गाडी पुढच्या सोमवारी, आठ तारखेला जाणार हाय.

हे वाईट नाहीत आक्का. तुम्हाला माहीत हाय. त्यांना खरंच वाटतं की ऊन दाखवलं म्हणजे झालं. का वाटून घेतात, ते मला कळत नाय. मी एकदा म्हटलं तर म्हणाले, तू खाऊन बघ, काय होतंय का. आणि माझ्यासमोर मूठभर कण्या शिजवून स्वतः खाल्ल्या. मग उठून मोरीवर गेले आणि लय वेळ पाण्याचा आवाज येत होता.

तुम्ही शिकलेल्या. मला एवढंच सांगा, हिरवं उडून जातं, मग आतलं कुठं जातं?

माझं नाव येऊ देऊ नका. मला ह्याच घरात राहायचं हाय.

तुमची
मनीषा


इंदिरानगर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

ज्ञानेश,

हे पत्र लताबाईचा पुतण्या धम्मपाल मोटारसायकलवरून आणून तुझ्या हातात देईल. टपालावर सोडण्याइतका वेळ आता नाही. तू ते घेतल्याची सही त्याच्याजवळ दे. तो सही घेतल्याशिवाय हलणार नाही, असं मी त्याला सांगितलं आहे, आणि तो आपल्या काकूसारखाच चिवट आहे.

तुझी बायको माझ्याशी बोलत नाही, पत्राला उत्तर देत नाही. तू तिला तशी ताकीद दिली असशील. हरकत नाही, मला तिची गरज पडली नाही. छत्तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली आहेत. या जिल्ह्यात कुठल्या टेबलावरचा फोन कोण उचलतो ते शोधायला मला कोणाची मदत लागत नाही.

काल आधी मक्याचं खाद्य करणारे कारखाने शोधले. तिसऱ्या ठिकाणी तुझं नाव निघालं. माल घेणारा माणूस सभ्यपणे बोलला.

"विंचूरची गाडी? ती आम्ही परत केली मॅडम."

"का?"

"टॉक्सिन होतं. तसा माल आम्ही कोंबडीला घालत नाही. पिल्लं मरतात, अंड्यांचं उत्पादन बसतं."

"मग तुम्ही तो नष्ट करायला सांगितलं नाही?"

"आमचं काम गेटपर्यंत. पुढे मालकाचा माल, मालकाची मर्जी. बरेच जण चांगल्यात मिसळून खपवतात."

तीन आठवड्यांत मला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याच्या वाक्याला कर्ता होता.

मग मका कुठे गेला असेल याचा विचार केला. भाऊबीजेला माझ्याच घरी बसून तू चिवडा खात मोठ्या अभिमानानं सांगितलं होतंस की पेठकडच्या वसतिगृहाच्या कण्यांचं काम तुला मिळालं आहे. मी तेव्हा तुझं कौतुक केलं होतं. आज तिथं फोन लावला. अधीक्षकांनी घेतला. मी तुझी बहीण म्हणून सांगितलं, तर ते खूश झाले. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"कण्या आल्यात की मॅडम, चार पोती, बाकीची गाडी सोमवारी येणार. पण पोरं लय नाटकं करतात. कडू लागतं म्हणतात, ताट सरकवतात. मी सोडत नाही. स्वतः समोर उभा राहतो. आमच्याकडे अन्न टाकायचं नाही, असा नियमच आहे. शेवटचा घास संपल्याशिवाय कोणी उठत नाही."

कोंबड्यांनी तोंड फिरवलं तेव्हा लताबाई म्हणाली होती, माजल्यात.

मी विचारलं, कोणी आजारी आहे का. ते म्हणाले, हवा बदलली की असतंच. काहींची भूक गेली आहे, काहींना उलट्या होतात. एका मुलाचे डोळे पिवळट दिसतात. नाव मल्हारी, वय सात.

सात वर्षांचं पोर पुढ्यातलं ताट सरकवतं, ज्ञानेश. त्याला अहवाल लागत नाही, नळी लागत नाही. त्याच्या जिभेनं ते ओळखलं. आणि एक भला माणूस त्याच्या समोर उभा राहून त्याला ते संपवायला लावतो, कारण अन्न टाकू नये हे आपण सगळ्यांनीच शिकवलं आहे.

मल्हारीला आज दुपारीच सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. नेलं आहे. रक्त तपासायला घेतलं. कण्या ताबडतोब बंद करा म्हटलं, तर अधीक्षक घाबरले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या फोनवर मी पुरवठा कसा नाकारू? उद्या मलाच विचारतील. ज्यांनी माल दिला त्यांनी लेखी द्यावं, की माल खराब आहे, खाऊ घालू नका. मग मी एक दाणा शिजवणार नाही." माझ्या शब्दाखातर त्यांनी पोती बांधून ठेवली आहेत. तोवर सकाळीही भात देतात. पण तांदूळ गुरुवार दुपारपर्यंतच पुरेल आणि पुढचा कधी येईल ते त्यांना माहीत नाही. गुरुवारी तुझा कागद नसला तर संध्याकाळी ते पुन्हा पोती सोडतील, आणि पुन्हा ताटासमोर उभे राहतील.

म्हणून मला कागद हवा आहे. माझ्यासाठी नको, माझी हौस फिटली.

आबांच्या नावाचं तू लिहिलंस. राशीचं पहिलं पोतं बहिणीचं, ही रीत आबांनी का पाळली, याचा विचार मी या आठवड्यात केला. मला वाटायचं, माया म्हणून. मायाही असेल. पण बहिणीच्या घरी जे जातं ते आपल्या नजरेआड शिजतं, परक्या ताटात वाढलं जातं, आणि त्यावरून आपलं घर जोखलं जातं. म्हणून ते आपल्या हातानं निवडायचं. तू माझं पोतं निवडलंस. त्या मुलांचं कोणी निवडलं?

पोतं परत पाठवत नाही. माहेरचं पोतं परत जात नसतं. त्याचं तोंड मी शिवून, वर लाख लावून ठेवलं आहे. 'आक्का' लिहिलेली बाजू दर्शनी आहे. अन्न-औषधवाल्यांच्या कचेरीसाठी अर्जही लिहून तयार आहे, अहवाल जोडला आहे. तो आजच देणार होते. माल पुरवणाऱ्याचं नाव लिहायच्या जागेवर आले आणि पेन थांबलं. तू पाळण्यात होतास तेव्हा तुझं हे नाव मीच कानात सांगितलं होतं. ती जागा अजून मोकळी आहे. गुरुवारी दुपारनंतर मोकळी राहणार नाही.

तुझं उत्तर लेखी हवं. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि आडतीचा शिक्का. एक वसतिगृहाला, एक मला. चार पोती परत बोलावली, सोमवारची गाडी रद्द केली, आणि उरलेला सगळा मका सरकारी माणसासमोर नष्ट होईपर्यंत कुलपात ठेवला, एवढं त्यात असावं. ही भुकटी श्वासातून छातीतही जाते, म्हणून तुझा कोणी हमाल खोकत असेल तर त्यालाही डॉक्टरकडे ने.

'माल खराब झाला', 'मिसळला गेला', 'दिला गेला', असलं काही लिहून पाठवलंस तर मी ते उत्तर धरणार नाही. मी भिजवला. मी झाकला. मी मिसळला. मी पाठवला. प्रत्येक वाक्याला कर्ता हवा.

गुरुवार, ४ डिसेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत. मी दारातच बसले आहे.

उज्वला